लाल खांबाकडचा कोपरा

ह्युबर्ट मिरांडाचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण, हे ठरवायला वज्रमूठ व्यायाम मंडळाने पाच माणसांची समिती नेमली होती, आणि त्या पाचांत ह्युबर्ट मिरांडा नव्हता.

तसा तो बैठकीला हजर असे. मंडळाच्या ओट्यावर, दाराजवळच्या बाकावर, गुडघ्यांवर दोन्ही पंजे ठेवून बसे. त्या पंजांनी पन्नासच्या दशकात मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि ठाण्याची निम्मी तरुण मंडळी मुष्टियुद्धात आडवी केली होती. आता त्याचं वय छप्पन्न होतं आणि तो गावठाणातल्या आपल्या घराच्या पडवीत कोंबड्या पाळत होता. मंडळाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून १९८६च्या डिसेंबरात त्याचा सत्कार व्हायचा होता, आणि सत्काराबरोबर स्मरणिका निघायची होती. स्मरणिकेचं नाव ठरलं होतं, 'अजिंक्य ह्युबर्ट'. ह्युबर्ट दोनदा हरला होता, ही बारीकसारीक गोष्ट समितीने विचारात घेतली नव्हती.

"तिसऱ्या नंबरला तो कल्याणचा रेल्वेवाला," समितीचे अध्यक्ष अंबादास म्हणाले. "काय उंची होती त्याची! सहा फूट दोन इंच."

"तो नुसता उंच होता," बाकावरून ह्युबर्ट म्हणाला. "मारायचा नाय. डान्स करायचा. दोन राउंड मी त्याच्या मागनं फिरलो, बस्."

"अंकल, तुम्ही रिंगमध्ये होतात," अंबादास समजुतीच्या सुरात म्हणाले. "आतून अंदाज येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला खरं दिसतं."

अंबादास महापालिकेत मुख्य कारकून होते. ह्युबर्टच्या एकूण एक लढती त्यांना तोंडपाठ होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त लढतींच्या वेळी ते लांज्याला शाळेत होते, पण त्यामुळे त्यांच्या साक्षीला काही बाधा येत नसे.

सुगंधा परब समितीची चिटणीस होती. तिला समितीत घेतलं ते दोन गुणांमुळे: तिचं अक्षर स्वच्छ होतं आणि ती बोलत नसे. ती रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होती आणि लालबहादूर शास्त्री रस्त्यावरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत असे. दर गुरुवारी संध्याकाळी घरी जाता जाता ती तासभर ओट्यावर बसायची आणि पाच पुरुषांचं म्हणणं चार ओळींत उतरवायची. चार ओळींत ते नेहमी आरामात मावत असे.

यादी पाच नावांची होती. चार ठरली होती. पाचव्या जागेवर तीन आठवडे वाद चालला होता आणि त्या वादात काशीराम परब हे नाव एकदाच निघालं होतं. दादू नावाच्या सदस्याने ते काढलं होतं.

"काशीरामशी लढत झाली होती ना? चौपन्न साली. दोन विरुद्ध एकने जिंकला आपला ह्युबर्ट."

"ती वादग्रस्त आहे," अंबादास म्हणाले. "आणि वादग्रस्त म्हणजे तरी काय? दोन पंच बाहेरचे, त्यांनी ह्युबर्टला दिली. तिसरे नाना मास्तर. काशीरामच्या चाळीतले. रात्रशाळेत त्याला गणित शिकवायचे. आता शेजारी पोराला मत नाही देणार तर कुणाला देणार? ते मत धरायचंच नाही. मग उरतं काय? दोन विरुद्ध शून्य. त्यात कसला आलाय कठीण प्रतिस्पर्धी!"

मग त्यांना आठवलं की चिटणीस काशीरामची मुलगी आहे.

"वाईट वाटून घेऊ नका हं सुगंधाताई. आपण सायन्सवाल्या. पुराव्याचं बोलतोय."

सुगंधाने लिहिलं: 'का. परब यांच्या नावावर चर्चा झाली.' बाकावर ह्युबर्ट काहीतरी म्हणायला तोंड उघडत होता, पण तेवढ्यात चहा आला.

घरी काशीराम वाट बघत नव्हता. वाट न बघण्यासाठी तो दर गुरुवारी साडेसातपासून दारात खुर्ची टाकून बसे.

"आज लवकर?" तो म्हणाला. ती रोजच्याच वेळेला आली होती.

"हो."

"यादी झाली काय गो?" हे त्याने चप्पल झटकता झटकता विचारलं. "नाय, माका काय करूचा हा. सहज इचारलंय."

"चार नावं झालीत. पाचवं राहिलंय."

"हां." मग बराच वेळ चप्पल झटकणं चाललं.

काशीरामची गिरणी ब्याऐंशीच्या संपात बंद पडली ती पडलीच. आता तो वागळे इस्टेटमध्ये एका गोदामावर रखवालदार होता. घरात त्याच्या मुष्टियुद्धाचा मागमूस नव्हता. ना कप, ना फोटो. एक मात्र होतं. चाळीत चार दारं सोडून नाना मास्तरांचं घर होतं, आणि चौपन्नच्या फेब्रुवारीपासून काशीराम त्या दारात गेला नव्हता. मास्तर आठ वर्षांपूर्वी वारले, तेव्हाही गेला नाही. सुगंधाने लहानपणी एकदा आईला कारण विचारलं होतं. आई म्हणाली होती, "हरल्याचं नाही गं त्यांना. आयुष्यात एक मत मिळालं, तेही कीव म्हणून. ते टोचतंय."

गेल्या महिन्यात त्याने इस्त्रीवाल्याकडून एक पांढरा शर्ट आणून, पेपरात गुंडाळून, कपाटात वर ठेवला होता. सत्काराचं आमंत्रण चाळीतल्या प्रत्येक घराला होतं. पण एवढी तयारी फक्त एकाच घरात चालली होती.

पुढच्या गुरुवारी अंबादासांनी सुगंधाला मंडळाची जुनी पत्र्याची पेटी उघडायला सांगितली. स्मरणिकेत 'दुर्मीळ कागदपत्रे' असं एक पान हवं होतं. शिकवणीच्या क्लासची अर्ध्या पानाची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली होती आणि जागा मोकळी ठेवणं अध्यक्षांना अशोभनीय वाटत होतं.

पेटीत दोरीउड्यांच्या तुटक्या मुठी होत्या, किल्ली नसलेलं कुलूप होतं, एक झुरळ होतं, आणि तळाशी सुतळीने बांधलेले पंचांच्या गुणांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते. चौपन्नचा गठ्ठा तिने अर्थातच आधी सोडला.

तीन चिठ्ठ्या. प्रत्येकीवर तेव्हाच्या सेक्रेटरीने आदल्या दिवशीच शाईने लिहून ठेवलं होतं: लाल, काशीराम परब; निळा, ह्युबर्ट मिरांडा. यजमान मंडळाच्या खेळाडूला लाल कोपरा व लाल पट्टा आणि पाहुण्याला निळा, हा तेव्हाचा रिवाज होता. ह्युबर्ट त्या काळी, मंडळात येण्याआधी, गावठाणाच्या क्लबकडून खेळायचा, म्हणून तो पाहुणा. घर त्याचं तीन मिनिटांवर होतं, तरी पाहुणा.

पहिल्या पंचाने दिलेले गुण: लाल ५८, निळा ६०. दुसऱ्याचे: लाल ५८, निळा ५९. तिसरी चिठ्ठी नाना मास्तरांची. त्यांना रंगांवर विश्वास नसावा. उत्तरपत्रिका तपासल्यासारखं त्यांनी प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहिलं होतं: काशीराम ६०, ह्युबर्ट ५७. खाली सहीऐवजी लफ्फेदार बरोबरची खूण.

म्हणजे सगळं जसं सांगत आले तसंच. दोन विरुद्ध एक. सुगंधा चिठ्ठ्या परत बांधणार होती, पण तिला सवय होती शेरे वाचायची. प्रयोगशाळेत आकडा सगळे वाचतात. शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही, आणि घोटाळा नेमका तिथे असतो.

दुसऱ्या पंचाच्या चिठ्ठीवर शेरा होता: 'लाल. दुसऱ्या फेरीत डोक्याने ढकलल्याबद्दल एकदा ताकीद.'

तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्या फेरीतली ती ताकीद मुलुंडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होती. ह्युबर्टला उभ्या आयुष्यात मिळालेली एकुलती एक ताकीद. अंबादास ती गोष्ट महिन्यातून एकदा, प्रत्येक वेळी थोडी वाढवून सांगत. ताकीद ह्युबर्टला मिळाली. पंचाने लिहिलं, लालला.

मग लाल कोण होता?

प्रयोगशाळेत असं एकदा झालं होतं. दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवून ठेवल्या होत्या आणि नमुने नंतर भरले, उलट. तपासणी बिनचूक झाली होती. निकाल पूर्ण चुकीचा होता.

तिने घरी गेल्यावर काही सांगितलं नाही. चुकीचा प्रश्न विचारला तर चुकीचं उत्तर येतं, हे तिला ठाऊक होतं. भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "बाबा, ह्युबर्ट अंकलशी खेळलात तेव्हा कमरेला कुठल्या रंगाचा पट्टा होता?"

"निळो."

"नक्की? यजमान तर लाल असतो ना?"

"होय, पण ह्युबर्टान कोपरो मागितल्यान." काशीरामने पेपर खाली केला. "लाल खांबाकडे बसला काय थयसून गावठाणातलो क्रूस दिसता. तेची आवस, ज्युलियाबाय, थय मेणबत्ती घेवन उभी रवायची, तो खेळा तेव्हा. तो म्हणालो, काश्या, आई दिसली नाय तर माझा हात उठणार नाय. मी म्हटलंय, बस बाबा. आवस बघूक मागता तर काय नाय म्हणू?"

"आणि पट्टे?"

"पट्टे खांबाक लटकवलेले असत. ज्या खांबाकडे बसलंव, तेचोच पट्टो बांधलंव."

"पंचांना सांगितलंत, जागा बदलल्या म्हणून?"

"तेंका काय सांगूचा? ते बघी होते ना!"

बघत होते. बाहेरून आलेल्या दोन पंचांनी आयुष्यात काशीराम पाहिला नव्हता की ह्युबर्ट. त्यांनी पट्टे बघितले. निळा पट्टा त्यांना सरस वाटला, म्हणून निळ्याला जास्त गुण दिले. सेक्रेटरीने आदल्या दिवशी लिहिलेलं नाव वाचून निकाल पुकारला. मास्तरांना दोघे चेहऱ्याने माहीत, त्यांनी नाव लिहून गुण दिले. सुगंधाने मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि मनात बेरीज केली. तिन्ही पंचांनी एकाच माणसाला जिंकवलं होतं. फुटलेला म्हणून बत्तीस वर्षं चघळला गेलेला निकाल मुळात एकमताचा होता.

वडलांना तिने त्या दिवशीही सांगितलं नाही. आधी समितीसमोर ठेवायचं, नाव यादीत जाऊ द्यायचं, मग सांगायचं, असं तिने ठरवलं. समितीवर तिचा एवढा विश्वास होता, यावरून तिचा माणसांचा अभ्यास कच्चा होता हे दिसतं.

गुरुवारी तिने तीन चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि मंडळात पहिल्यांदाच सलग पाच मिनिटं बोलली. दादूने चिठ्ठ्या उचलून पाहिल्या, उलट्या करूनही पाहिल्या.

"आयला," तो म्हणाला. "तीन-शून्य. आपल्या ह्युबर्टची वाट लागली रे!"

"थांबा," अंबादास म्हणाले. "भावनेच्या भरात जाऊ नका. बत्तीस वर्षांपूर्वीचा कागद. शाई उडते."

"शाई उडते, रंग बदलत नाही," सुगंधा म्हणाली. "आणि ताकीद कुणाला मिळाली ते तुम्हीच सांगता."

"ताकीद... आता ताकीदसुद्धा, तसं बघायला गेलं तर, वादग्रस्तच आहे."

महिन्यातून एकदा सांगितली जाणारी ती ताकीद जागच्या जागी वादग्रस्त झाली.

"अरे बाबा, मला मिळाली ना ताकीद!" बाकावरून ह्युबर्ट म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "डोकं मीच घातला. का घातला? श्वास नव्हता मला! काश्याने इथे मारलेलं, बरगडीत. आठवडाभर मी कुशीवर झोपलो नाय. मी पहिल्या मीटिंगपासून सांगतो, टफेस्ट कोण तर काश्या. तुम्ही लोक ऐकता कुठे! माझा हात वर केला तेव्हा मला वाटला, रेफरीला चक्कर आली."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" दादूने विचारलं.

ह्युबर्ट खाली बसला. "मम्मा बघत होती ना तिकडनं," तो म्हणाला. "हात वर केलेला तिने बघितला. आता खाली कसा करू? नंतर मग... नंतर राहिला ते राहिला."

अंबादासांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "अंकल, तुमचा मोठेपणा आहे. खरा विजेता असाच नम्र असतो. दादू, हे वाक्य घे रे स्मरणिकेत. पण इतिहास नम्रतेवर चालत नाही. निकाल लागला, पुकारला गेला. आपण पुकारलेले निकाल फिरवायला लागलो तर उद्या नावही बदला म्हणाल, 'अजिंक्य काशीराम'. मुखपृष्ठ छापून झालंय."

हा मुद्दा मात्र सगळ्यांना पटला. मतदान झालं. चार विरुद्ध एक अशा मतांनी १९५४चा निकाल कायम ठेवण्यात आला. विरोधातलं मत दादूचं. ह्युबर्टला मत नव्हतं, आणि चिटणीसाला नसतंच. पाचव्या जागेवर अंबादासांच्या मेव्हण्याने पाहिलेला पुण्याचा एक लष्करी जवान घेण्यात आला. त्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं, म्हणून 'एक कसलेला जवान' असं लिहायचं ठरलं.

"सुगंधाताई," निघताना अंबादास म्हणाले, "त्या चिठ्ठ्या मात्र टाका हं सत्तावीस पानावर. जुनं हस्ताक्षर छान दिसतं. छापायला ब्लॉक करून घ्या. खाली दोन ओळी तुम्हीच लिहा, तुम्हाला तारखाबिरखा नीट जमतात."

"जे खरं आहे ते लिहू?"

"म्हणजे काय! सायन्सवाल्या तुम्ही."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने काशीरामला सगळं सांगितलं. यादीत नाव नाही, हे आधी. तो "हां" म्हणाला आणि सुपारी कातरत राहिला. मग चिठ्ठ्यांचं सांगितलं. तो मध्येच थांबला.

"पुन्हा सांग. सावकाश."

तिने कागदावर दोन रकाने काढून दाखवले. लाल. निळा. कोण कुठे बसलं, काय लिहिलं होतं. त्याने बोट ठेवून एकेक आकडा वाचला. ती वाट पाहत होती, की तो आता म्हणेल, मी जिंकलो होतो.

"तिघांनी?" तो म्हणाला.

"तिघांनी."

"मगे मास्तर खोटो नव्हतो." अडकित्ता त्याच्या हातात तसाच उघडा राहिला. "तेणा बघून दिल्यान. माझो खेळ बघून." आणि मग: "तेच्या मयताक मी गेलंय नाय गो."

सत्कार डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी झाला. शाल, नारळ, हार, नगरसेवकांचं भाषण, अंबादासांचं त्याहून मोठं भाषण. 'खरा विजेता नम्र असतो' हे वाक्य त्यात चारदा आलं. मग ह्युबर्टला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकसमोर गेला, हारातून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "सगळ्यांनी पान सत्तावीस वाचा. मी वाचला. एकदम करेक्ट." आणि खाली बसला.

लोकांनी चाळून पाहिलं. मुलुंडच्या इतिहासात स्मरणिका कार्यक्रमातच वाचली जाण्याची ही पहिलीच वेळ असावी. सत्तावीस पानावर तीन चिठ्ठ्या होत्या आणि खाली सुगंधाच्या दोन ओळी: 'या लढतीत लाल पट्टा ह्युबर्ट मिरांडा यांनी व निळा पट्टा काशीराम परब यांनी बांधला होता. पंच नाना मास्तर यांनी नावे लिहून गुण दिले. इतर दोघांनी रंग पाहून दिले.' विशेषण एकही नाही. तरी मागच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर त्या दोन ओळींची बेरीज लोकांनी आपली आपण केली. शिट्ट्या सुरू झाल्या. पांढऱ्या शर्टातला काशीराम मान खाली घालून स्मरणिकेची घडी नीट करत बसला.

पाच वाजेपर्यंत अंबादासांचं मत बदललं होतं. ओट्यावर ते नव्या श्रोत्यांना सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, नाना मास्तरांची नजर म्हणजे नजर! पण आमच्या समितीत एकेक जण असा..."

बाकावर ह्युबर्ट आणि काशीराम शेजारी बसले होते.

"दुसरी फेरी माझी होती हां," ह्युबर्ट म्हणाला.

"तुझी खयची? डोक्या घातलंस तू."

"त्याच्या आधी."

"दुसरी फेरी बरोबरीत सुटली," अंबादास मागे वळून म्हणाले. "तुम्हाला आतून कळायचं नाही."

"आम्ही होतंव खय तेव्हा," काशीराम ह्युबर्टला म्हणाला. "हेंका इचार." आणि उठला. सुगंधाला त्याने हाताने खुणावलं.

चाळीत तो स्वतःच्या दारापाशी थांबला नाही. चार दारं पुढे गेला. उंबऱ्यापाशी मात्र पाय अडला. आत मास्तरांच्या पत्नी रत्नप्रभाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, ओळखलं, आणि ताटलीतले खडे वेचत राहिल्या.

काशीरामने सत्तावीस पान उघडून स्मरणिका त्यांच्यासमोर धरली. सुगंधाने सांगितलं, काय घडलं होतं ते, चिठ्ठ्यांवर बोट ठेवत.

रत्नप्रभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरांच्या बरोबरच्या खुणेवर त्यांची नजर जरा थांबली.

"ते सेक्रेटरीकडे तीनदा गेले होते, तिन्ही चिठ्ठ्या दाखवा म्हणून," त्या म्हणाल्या. "नाही दाखवल्या. घरी येऊन म्हणाले, बेरीज कुठेतरी चुकलीय. काश्याला कळेल तेव्हा तो येईल." त्यांनी पाट पुढे सरकवला. "गणित कच्चं आहे त्याचं, म्हणाले, वेळ लागेल. बस."